आधी विचारा, काम काय करतोस?

नाकालासुद्धा वर्ग असतो. हसू नका दोस्तांनो, हे मी पदरचं सांगत नाही, वैद्यकाच्या इतिहासातच नोंदलेलं आहे.

१८१९ साली लंडनच्या जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरनं स्वतःच्याच नाकाची हकिगत वैद्यकांच्या सभेत वाचली. दर उन्हाळ्यात डोळे खाजतात, शिंकांवर शिंका येतात, छाती आवळते. पुढं १८२८ साली त्यानं असेच आणखी रोगी गोळा केले आणि लिहून ठेवलं की हे सगळे मध्यम नाहीतर वरच्या वर्गातले, गरिबांच्या दवाखान्यांत चौकशी केली तर एकही खात्रीचा रोगी सापडला नाही. १८७३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीनं गवताचे पराग स्वतःच्या कातडीवर घासून, नाकात ओढून सिद्ध केलं की दोष परागांचाच. पण त्यालाही हाच प्रश्न पडला, की परागांत दिवसभर उभा राहणारा शेतकरी शिंकत नाही आणि शिकलेला माणूस शिंकतो, हे कसं काय? अमेरिकेत १८७४ साली अशा शिंकणाऱ्या धनिकांनी चक्क संघटना काढली. उन्हाळ्यात डोंगरात हवा खायला जायचं आणि तिथं आपल्या नाजूक नाकाचा गौरव करायचा. लंडनचा एक नामांकित घशाचा डॉक्टर, मॉरेल मॅकेन्झी, त्यानं तर हे दुखणं म्हणजे इंग्रज वंशाच्या श्रेष्ठत्वाचीच खूण ठरवून टाकली.

घ्या. साहेबाची शिंक ती संस्कृती. आमची शिंक म्हणजे अपशकुन.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर आम्हीही त्यांच्यासारखेच पोथीवाले ठरू. गोठ्यात, शेणामुतात वाढलेल्या पोरांना परागाचं वावडं कमी होतं, असं आजचं संशोधन सांगतं. म्हणजे ब्लॅकलीचा शेतकरी खोटा नव्हता. पण परागाचं वावडं वेगळं, आणि आठ आठ तास जहाजाच्या पोटात धान्याचा धुरळा ओढून झालेलं वावडं वेगळं. पहिलं त्यांनी शोधलं, कारण ते त्यांच्या नाकात होतं. दुसरं शोधायला दुसऱ्याच्या नाकात बघावं लागतं.

तसं बघणारा एक माणूस होता. बर्नार्दिनो रामाझ्झिनी, इटलीतल्या मोदेना गावचा. १७०० साली त्यानं कामकऱ्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. या पुस्तकाचा विचार त्याच्या डोक्यात कुठून आला? त्याच्या घरचा मैल्याचा खड्डा उपसायला एक माणूस आला होता. तो जीव तोडून घाई करत होता. रामाझ्झिनीनं विचारलं, बाबा, एवढी घाई कशाला, दमशील ना? तो म्हणाला, ज्यानं केलं नाही त्याला कळणार नाही. इथं चार तासांवर राहिलो तर डोळे जातात. डॉक्टरनं त्याचे डोळे तपासले, मग गावातल्या बाकीच्या मैला उपसणाऱ्यांचे तपासले. तिथून सुरू होऊन तो कुंभारांकडं गेला, खाणवाल्यांकडं गेला, धान्य चाळणाऱ्या नि मापणाऱ्यांकडं गेला. या धान्यवाल्यांबद्दल त्यानं लिहिलंय की धुळीनं घसा, फुप्फुसं, डोळे जातात आणि अंगभर खाज सुटते. तीनशे वर्षं झाली! आणि त्यानं वैद्यांना सांगितलं, की रोग्याला जे जे विचारता त्यात एक प्रश्न वाढवा: तू काम काय करतोस?

आता आमच्या इथं या. मी गोदीत कंत्राटी हमाल. आज डाळ, उद्या खत, परवा पेंड. आमच्या टोळीत नाक धड असलेला माणूस शोधून काढावा लागेल. सकाळी पाळीला जाताना बरा, दुपारपर्यंत नाक चोंदलेलं, संध्याकाळी डोळे लाल. बायको म्हणते, प्यायलास का? रात्री तोंडानं श्वास. सुट्टीच्या दिवशी नाक मोकळं. मी एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. कान-नाक-घसा, केसपेपर, दोन तास रांग. डॉक्टर माझ्याच वयाचा. नाकात बत्ती मारली, म्हणाला, अ‍ॅलर्जी आहे, धुळीत जाऊ नका. गोळी लिहिली. पुढचा! मी काय काम करतो ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर 'धुळीत जाऊ नका' हे वाक्य त्याच्याच घशात अडकलं असतं. धुळीत नाही गेलो तर खाऊ काय?

मी त्या पोराला शिव्या देत नाही. त्याच्यामागं रांग होती, त्याला माणसामागं दोन मिनिटं. शिवाय त्याला हे शिकवलंय कुणी? नाक-कान-घशाची एम.एस. तीन वर्षांची. तीन वर्षांत पडदा सरळ करा, टॉन्सिल काढा, कानाचा पडदा शिवा, सुरी धरायला शिका. अ‍ॅलर्जी हा मधला एखादा धडा. ज्याला पुढं शिकायचंय त्यानं परिषदांना जायचं, वर्कशॉप करायचं, आणि तिथं दारातच औषध कंपन्यांचे स्टॉल. ज्याचा स्टॉल त्याचा अभ्यासक्रम, हे माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतल्या नाकाच्या डॉक्टरांनाही हे कुणी ताटात वाढलं नव्हतं. सेंट लुइसच्या फ्रेंच हॅन्सेल या डॉक्टरनं १९३६ साली नाक आणि सायनसच्या अ‍ॅलर्जीवर ग्रंथ लिहिला. नाकातला शेंबूड काचेवर पसरून त्यातल्या पेशी बघायच्या, सर्दी जंतूची की वावड्याची ते ओळखायचं, हे त्यानं नाकवाल्यांना दाखवलं. १९४१ साली कान-नाक-घसा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीसाठी आपली वेगळी संस्था काढली. एकमेकांना शिकवायचं, कोर्स चालवायचे, परीक्षा घ्यायच्या. ती संस्था अजून आहे. अ‍ॅलर्जीचे जे खास डॉक्टर होते त्यांना हे रुचलं नाही. तुम्ही सर्जन, तुम्हाला कातडीच्या चाचण्या काय कळणार? हर्बर्ट रिंकेलच्या पायरीपायरीनं डोस वाढवत जाण्याच्या चाचणीवरून तर वर्षानुवर्षं भांडण. रोगी कुणाचा, यावर दोन जातींचं भांडण म्हणा ना. पण त्यातलं घेण्यासारखं एवढं की जे शिकवलं जात नव्हतं ते शिकण्यासाठी डॉक्टर स्वतः संघटित झाले. 'शिका, संघटित व्हा' हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आम्हाला सांगितलं होतं, आणि आम्ही त्याचे बॅनर करून ठेवले.

शिकवायचं काय, हा खरा मुद्दा आहे. इथं मी हमाल असूनही तोंड घालणार, कारण नाक माझं आहे.

पहिलं, कातडी. अ‍ॅलर्जीची मुख्य चाचणी साधी आहे. हातावर अर्काचे थेंब ठेवायचे, प्रत्येकातून बारीक सुईनं टोचायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. जिथं वावडं असेल तिथं गांधी उठते आणि भोवती लाली. तुलनेच्या साध्या थेंबापेक्षा गांधी तीन मिलिमीटर मोठी, तर चाचणी लागू. आधी काही दिवस सर्दीच्या गोळ्या बंद हव्यात, नाहीतर चाचणी खोटं बोलते. आता ही लाली गोऱ्या कातडीवर टोमॅटोसारखी दिसते. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्याच हातांचे. आमच्या उन्हानं भाजलेल्या काळ्या हातावर लाली दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. मग गांधी बोटानं चाचपावी लागते, तिच्या कडेनं पेन फिरवून मोजावी लागते. म्हणजे डॉक्टरला हात लावावा लागतो. या देशात हे वाक्य जितकं साधं वाटतं तितकं साधं नाही. काळ्या कातडीवर चाचणी वाचायला शिकवा, फोटो काळ्या हातांचे छापा, आणि हात लावायला शिकवा.

दुसरं, अर्क कशाचे. चाचणीच्या पेटीत पराग असतात, मांजर-कुत्रा असतो, घरातल्या गादीतला किडा असतो. मांजर पाळायला आम्हाला घर कुठाय? एरंडीचं घ्या. एरंडीच्या बियांची भुकटी हे जबरदस्त वावडं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात एरंडीच्या तेलाच्या गिरणीची धूळ वाऱ्यावर जाऊन आसपासच्या वस्तीला दमा लागला, हे १९२८ सालीच छापून आलंय. कॉफीच्या गोणीला एरंडीची धूळ चिकटलेली असली तर गोणी उचलणाऱ्याला कॉफीचं नव्हे, एरंडीचं वावडं होतं, हेही सापडलंय. एरंडी पिकवण्यात जगात पहिला नंबर भारताचा. मग ती एरंडी, धान्याची धूळ, कोठारातल्या धान्यातला बारीक किडा, सोयाबीन, गोदीतलं झुरळ यांचे अर्क गोदीशेजारच्या दवाखान्यात नकोत तर काय काश्मिरात हवेत?

सोयाबीनचं नाव आलं तर बार्सिलोना सांगितलंच पाहिजे. स्पेनमधलं बंदर. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात अधूनमधून एखादा दिवस असा यायचा की दम्याचे रोगी धडाधड इस्पितळात. असे सव्वीस वेळा झाले. माणसं मेली. डॉक्टरांनी मोटारींचा धूर धरला, कारखाने धरले, हवामान धरलं. उत्तर सापडेना. शेवटी रोगी कुठं कोसळले ते नकाशावर मांडलं तेव्हा बोट बंदराकडं गेलं. मग कोणत्या दिवशी कोणतं जहाज उपसलं त्याच्या नोंदी काढल्या. दम्याचे दिवस आणि सोयाबीन उतरवायचे दिवस जुळले. रोग्यांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धची द्रव्यं मिळाली. एका कोठाराच्या डोक्यावर धूळ अडवणाऱ्या पिशव्याच बसवलेल्या नव्हत्या. पिशव्या बसवल्या, साथ थांबली. १९८९ साली हे सगळं जगाच्या मोठ्या वैद्यकी मासिकात आलं. पेपर लिहिणाऱ्यांना माझा सलाम, त्यांनी चोख काम केलं. पण सहा वर्षं! कोणत्या दिवशी कसलं जहाज लागलंय हे बंदरातल्या कुठल्याही टॅली क्लार्कनं चहा पिता पिता सांगितलं असतं. विचारायला बंदरात कुणी आलं नाही, एवढंच.

आपल्याकडचं गाजर गवतही असंच. पुण्यात ते १९५५ च्या सुमाराला वनस्पतीवाल्यांच्या नजरेला आलं. अमेरिकेच्या पी.एल. ४८० च्या गव्हातून आलं असं जो तो सांगतो, पण तो करार १९५६ च्या ऑगस्टचा, म्हणजे तारखा नीट बसत नाहीत. आधीच्या कुठल्या धान्यातून आलं असेल. कसंही येवो, ते खुरपायला वाकली ती बाई कोण होती ते सांगायला नको. तिच्या कातडीची चाळण झाली, आणि त्याच्या परागानं नाकं गळतात हेही पुढं नोंदलं गेलं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती नाकवाल्या डॉक्टरांच्याच हातात आहे. कामातून होणारं वावडं बहुतेकदा आधी नाकात येतं, मागाहून छातीत उतरतं. मधे काही महिने, काही वर्षं मिळतात. त्या वेळात धरलं तर माणूस वाचतो, दमा एकदा मुरला की काम सोडूनही तो पुष्कळांना सोडत नाही. छातीचा डॉक्टर भेटतो तेव्हा उशीर झालेला असतो. पहिला भेटतो तो नाकाचा. आता कायदा बघा. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यातली धंद्यातल्या रोगांची यादी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. यादीत कामातून होणारा दमा आहे. नाकाचं दुखणं नाही. म्हणजे सरकार म्हणतं, आधी छाती फोडून घे, मग पैशाचं बोल. आणि ती छातीसुद्धा कामानं फुटली हे डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं. केसपेपरवर 'अ‍ॅलर्जी' एवढंच लिहिलं असेल तर कंत्राटदार हसतो.

म्हणून डॉक्टरांना आधार द्या, असं मी म्हणतो. हो, आम्ही म्हणतो! आधार म्हणजे पंचतारांकित हॉटेलातलं जेवण नव्हे. म्युनिसिपालटीच्या दवाखान्यातल्या नाकाच्या डॉक्टरला आठवड्यातून एक दुपार फक्त अ‍ॅलर्जीसाठी द्या. शिकलेली नर्स द्या. अर्क सरकारी पैशानं द्या. इंजेक्शनाचा कोर्स तीन ते पाच वर्षांचा असतो, प्रत्येक सुईनंतर अर्धा तास रोग्याला समोर बसवावं लागतं, कारण क्वचित कुणाला झटका येतो आणि अ‍ॅड्रेनालिन तयार लागतं. तेवढा अर्धा तास आमच्या हजेरीत धरा. पाळी बुडवून सुई घ्यायला कंत्राटी माणूस पाच वर्षं येणार आहे का? पीक फ्लोची प्लॅस्टिकची नळी टोळीटोळीत वाटा. कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी फुंकून आकडे लिहायला आमचा सातवी नापास गडीही शिकेल. आणि शिकाऊ डॉक्टरांना एक पाळी, फक्त एक पाळी, जहाजाच्या पोटात उभी करा. ग्रॅब सुटतो तेव्हा काय उडतं ते पुस्तकात नाही.

शिबिरं घ्यायची हौस पुढाऱ्यांना असते. हार, माईक, मोफत तपासणी, आणि वार कोणता तर रविवार. रविवारी येऊ नका. रविवारी आमचं नाक चांगलं असतं, तुम्ही 'सर्व काही ठीक' लिहून निघून जाल. सोमवारी या, संध्याकाळची पाळी सुटताना, गेटवर. आणि केसपेपरवर नाव, वय यांच्याखाली एक रकाना छापून आणा.