शांततेचे श्रम आणि स्त्रियांची जागा

गणेशोत्सव वा ईद जवळ आली, की गावोगावच्या पोलीस ठाण्यांत शांतता समितीची बैठक भरते. प्रतिष्ठित मंडळी जमतात, सलोख्याची भाषणे होतात आणि चहापानानंतर सभा विसर्जित होते. या बैठकांत स्त्रिया अभावानेच दिसतात. ही केवळ शिष्टाचारातील उणीव असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते.

दंगलीनंतर पंचनामा होतो तो जळालेल्या दुकानाचा वा वाहनाचा. संचारबंदीत कापूस वेचणारीचा बुडालेला रोज आणि पाण्या-दुधासाठी तिने पत्करलेला धोका त्यात सहसा येत नाही. अशांततेची किंमत जिला प्रथम मोजावी लागते, तिला शांततेच्या विचारविनिमयात स्थान नसावे, ही विसंगती आहे.

मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव व महाड येथे दंगली उसळल्या; न्या. मादन आयोगाने त्यांची चौकशी केली. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा होरपळली. पुढे १९८८ पासून तेथे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताही भिवंडी शांत राहिली. दोन्ही समाजांच्या नित्य भेटीगाठी हे त्या समित्यांचे मर्म होते. वस्तुतः नळावर, रेशन दुकानापुढे आणि शाळेच्या फाटकाशी असा नित्य संबंध स्त्रियाच राखीत असतात. त्या श्रमाला मोबदला नाही आणि हिशेबही नाही.

स्त्रिया स्वभावतःच शांतताप्रिय असतात, हा मात्र भाबडा समज होय. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा चळवळीचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध केला. १९७२ नंतरच्या त्या लढ्यात आदिवासी स्त्रियांनी गावोगावचे दारूचे गुत्ते उद्ध्वस्त केले. कारण नवऱ्याच्या व्यसनाचा शेवट मारहाणीत होत असे. घरातील मार मुकाट्याने सोसणे म्हणजे शांतता नव्हे, हे त्यांनी कृतीने सांगितले. तेव्हा स्त्रियांचा अधिकार त्यांच्या कथित सोशिकतेतून नव्हे, तर अनुभवातून सिद्ध होतो.

जगातही चित्र निराळे नाही. शांतताप्रक्रियेत स्त्रियांना सहभाग मिळावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी संमत केला. तरीही १९९२ ते २०१९ या काळातील प्रमुख शांतताप्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांमध्ये स्त्रिया सरासरी १३ टक्के, तर मध्यस्थांमध्ये अवघ्या ६ टक्के होत्या.

जळगावशेजारच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांनी व आप्तांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. वाद कोठे धुमसतो आहे आणि कोणाच्या शब्दाने तो निवेल, याचे खेड्यातील स्त्रियांना असलेले ज्ञान आज तसेच टिपून घेण्याची आवश्यकता आहे.

२०११ पासून महाराष्ट्रातील पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. शांतता समित्यांना तोच नियम लावण्यास कोणती अडचण आहे? बैठक ठाण्याऐवजी शाळेत वा ग्रामपंचायतीत, मजूर स्त्रियांचा खाडा होणार नाही अशा वेळी घ्यावी. सणाची वाट न पाहता ती दरमहा भरावी आणि स्त्रियांचे म्हणणे इतिवृत्तात नावानिशी नोंदले जावे. यास फारसा खर्च येणार नाही. जिल्हा प्रशासनाने असोद्यासारख्या शहरालगतच्या गावांपासून या कामाचा आरंभ करावा, आणि तोही गाव शांत असतानाच.