क्लच प्लेट बदलण्याआधी इंजिनचे फाउंडेशन पाहा

सिग्नल सुटतो, पहिला गिअर पडतो, क्लच हळूहळू सोडला तरी दहा-बारा वर्षे जुनी गाडी गचके देत निघते. त्यातच खालून कुठून तरी ‘खट्’ असा आवाज येतो. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा उत्तर तयार असते : क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट टाका. या कामासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरीच मोठी असते. एवढा खर्च करूनही गचके थांबले नाहीत, की मालक गाडीच विकायला काढतो. वास्तविक झिजलेली क्लच प्लेट गचके देण्यापेक्षा घसरते जास्त. चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, ही तिची खूण. हे लक्षण नसेल, तर सेटची घाई कशासाठी?

आधी पाहायला हवे ते इंजिनचे माउंटिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन. इंजिनचे हादरे सोसणारे हे रबर वयोमानाने चिरते, दबते किंवा धातूपासून सुटते. मग क्लच पकडताच इंजिन एका बाजूला कलंडते. मारुती ८००, अल्टो यांसारख्या केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये त्याचा आणखी एक परिणाम होतो. केबलचे एक टोक बॉडीला, दुसरे गिअरबॉक्सला. इंजिन हलले की केबल आपोआप ताणली जाते किंवा सैल पडते. म्हणजे चालकाचा पाय स्थिर असूनही क्लच धरतो-सोडतो. चालकाला वाटते, आपलाच पाय बिघडला!

तपासणी सोपी आहे. सपाट, मोकळ्या जागी बॉनेट उघडावे, हँडब्रेक ओढावा. एकाने ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच पकडेपर्यंतच सोडावा, मग रिव्हर्समध्ये तसेच करावे. दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे, गाडीसमोर किंवा मागे अजिबात नाही. इंजिन ठळकपणे उचलले गेले किंवा आपटले, तर संशय फाउंडेशनवर. ते बदलायला बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

‘खट्’ आवाजाचे निदान गाडीच्या रचनेवर ठरते. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना ‘कट-कट’ आले, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट. त्याचे रबरी बूट फाटून ग्रीस उडालेले दिसते. ऑम्नी, सुमो, बोलेरो यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावेत. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल आणि चाकांना उटी लावूनच शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. डिफरन्शियलमध्ये थोडा खेळ असतोच; पण क्रॉसच्या सांध्यातच खेळ जाणवता कामा नये.

पावसाळ्यात चार दिवस उभी राहिलेली गाडी पहिल्या दोन-तीन वेळा गचके देते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. फ्लायव्हीलवर बसलेला गंजाचा पातळ थर घासून निघतो.

या सगळ्यातून काही सापडले नाही, तरच गिअरबॉक्स उतरवावा. मात्र तेव्हा जुनी प्लेट मालकाने स्वतः पाहायला हवी, आणि गॅरेजने ती दाखवायला का-कू करू नये. तेलकट प्लेट म्हणजे इंजिनच्या मागचे किंवा गिअरबॉक्सचे ऑइल सील गळते आहे. सील तसेच ठेवून नवी प्लेट टाकली, तर तीही तेल पिणार. घाटातल्या वाहतुकीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय असेल, तर फ्लायव्हीलवर निळसर डाग दिसतात. अशा फ्लायव्हीलवर नवा सेट बसवला, तरी गचके कायम राहू शकतात. लेथवर तो घासून घेता येईल की बदलावाच लागेल, हे सेट बसवण्याआधीच विचारावे. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा म्हटले, तर मजुरी पुन्हा तेवढीच.