पितळी बिल्ला आणि फोनमधले कुलूप

सोयाबीन घालून बाजार समितीतून परतणाऱ्या माणसाच्या एका खिशात पूर्वी अडत्याची पट्टी असे आणि बंडीच्या आतल्या खिशात नोटांचे पुडके. एस.टी.त बसल्यावर त्याचा हात सारखा त्या खिशाकडे जाई. आता पट्टी तेवढी हाती येते, पैसे खात्यावर जातात. खताच्या दुकानात, मोटार बांधून देणाऱ्याकडे, आठवडी बाजारात मेथीच्या जुडीपाशीसुद्धा स्कॅनर लटकलेला दिसतो. सोय झाली खरी, पण घरातली जाणती माणसे विचारतात, “अरे, हवेतून जाणारा पैसा मध्येच कुणी धरला तर?”

प्रश्न रास्त आहे. त्याला “काही होत नाही हो” एवढेच उत्तर देणे बरे नव्हे.

मुळात पैसा हवेतून जात नाही, जातो तो निरोप. ‘माझ्या खात्यातले पाचशे रुपये अमक्याच्या खात्यावर टाका’ असा निरोप फोनमधून निघतो आणि दोन बँकांच्या वह्यांत दोन नोंदी होतात. तेव्हा जपायच्या गोष्टी दोनच. निरोप वाटेत कुणाला वाचता येऊ नये, आणि त्यात तुमची खरी माहिती शक्य तेवढी कमी असावी.

दुसरी गोष्ट आधी सांगतो, कारण ती आपण पाहिलेली आहे. ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना बँकेतला पितळी बिल्ला आठवेल. पैसे काढायची स्लिप दिली की कारकून नंबर कोरलेला बिल्ला हातावर ठेवी. रोखपालाने नंबर पुकारला की बिल्ला देऊन पैसे घ्यायचे. बँकेच्या पायऱ्या उतरल्यावर त्या बिल्ल्याला कुणी कपभर चहा दिला नसता. त्याचा अर्थ फक्त त्या शाखेच्या वहीत होता.

आजचे ‘टोकन’ हे त्याच बिल्ल्याचे नातू. एटीएम कार्डावर बहुधा सोळा आकडी नंबर असतो. ऑनलाइन खरेदी करताना पूर्वी हा नंबर दुकानदाराच्या संगणकात जसाच्या तसा राही आणि तिथे चोरी झाली की हजारो लोकांचे नंबर एकदम बाहेर पडत. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने हे बंद केले. आता खरा नंबर कार्ड देणारी बँक आणि रुपेसारखी कार्ड चालवणारी संस्था यांच्याकडेच राहतो. ओळख पटावी म्हणून दुकानदाराला शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव ठेवता येते. कार्ड जपून ठेवायला तुम्ही संमती दिलीत तर त्याला मिळतो तो बिल्ला, म्हणजे दुसराच एक आकडा. मौज अशी की एकाच कार्डाचे दर दुकानाला वेगळे टोकन असते. बियाण्यांच्या दुकानातून चोरलेले टोकन चपलांच्या दुकानात चालत नाही. संमती देण्याची सक्ती नाही, आणि यासाठी गिऱ्हाइकाला पैसेही पडत नाहीत.

२०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सुरू केलेल्या यूपीआयमध्येही हीच युक्ती आहे. टपरीवाल्याला तुमचे नाव कळते, खाते क्रमांक कळत नाही.

आता पहिली गोष्ट, निरोपाचे कुलूप. समजा बँकेने गावोगाव उघडी कुलुपे वाटून ठेवली. ज्याला निरोप धाडायचा त्याने तो पेटीत घालावा आणि कुलूप दाबून बंद करावे. दाबणे कुणालाही जमते. उघडणारी किल्ली मात्र एकच आणि ती कधी बँकेबाहेर जात नाही. असे कुलूप आकड्यांचे करता येते, हे १९७७ साली अमेरिकेत रॉन रिव्हेस्ट, आदि शमीर आणि लिओनार्ड एडलमन या तिघांनी दाखवून दिले.

त्यातली गोम घरातल्या शाळकरी पोरांसंगे पाहता येईल. ८९ गुणिले ९७ किती, म्हटले की पोर मिनिटात ८६३३ सांगेल. पण नुसते ८६३३ देऊन ‘कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार?’ असे विचारा, पोर संध्याकाळपर्यंत पाटीवरून उठणार नाही. गुणाकार म्हणजे कुलूप दाबणे, आणि मूळच्या दोन संख्या ही किल्ली. त्या वेळी १२९ आकडी एक संख्या आव्हान म्हणून छापली होती. ती फोडायला १९९४ साल उजाडले, आणि त्यासाठी सुमारे सहाशे स्वयंसेवकांचे संगणक कित्येक महिने राबले. आज या जातीच्या कुलपांत सर्रास वापरली जाणारी संख्या ६१७ आकडी असते.

यूपीआयचा पिन तुम्ही टाकता तो फोनमध्येच असा कुलूपबंद होतो. ज्याचे अॅप आहे त्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. तो बरोबर की चूक, हे तुमची बँक ठरवते. शिवाय नोंदणीच्या वेळी तुमच्या सिमवरून एक मेसेज आपोआप जातो आणि खाते त्या फोनशी बांधले जाते. म्हणून नुसता पिन कळून भागत नाही, फोनही लागतो.

मग रोज फसवणुकीच्या बातम्या का येतात? कारण चोराने कुलूप फोडायचा नाद सोडला आहे. तो आता किल्लीच मागतो, आणि तीही गोड बोलून. ‘काका, म्हशीचे पैसे पाठवतोय, पिन टाका म्हणजे जमा होतील.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. अनोळखी माणसाने फोनवर पैशाची मागणी धाडावी आणि आपण चुकून होकार द्यावा, हा प्रकार फार झाला, तेव्हा एका माणसाने दुसऱ्याला अशी मागणी धाडण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून काढून टाकली. चोरांनी लगेच दुसरी वाट धरली. व्हॉट्सअॅपवर पीएम किसानच्या नावाची फाइल येते. ती दाबली की एक अॅप फोनमध्ये शिरते आणि बँकेचे ओटीपी परस्पर वाचू लागते. इथे ६१७ आकडी कुलूप काय करणार?

कायद्यानेही हा फरक ओळखला आहे. २०१७ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने नियम घालून दिला, त्यात चूक बँकेची नाही, गिऱ्हाइकाचीही नाही, मधल्याच कुणाची, आणि कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला सांगितले, तर तोटा गिऱ्हाइकाचा नाही असे म्हटले होते. पिन स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. म्हणून फसल्याची शंका येताच लाजत बसू नये. आधी १९३० ला फोन, मग बँकेला. लवकर कळवले तर चोराच्या खात्यातले पैसे अडवून धरता येतात.

एक गोष्ट मात्र या बिल्ल्याच्या हिशेबात बसत नाही. बँक मित्राकडे म्हातारी माणसे अंगठा लावून पैसे काढतात. पिन फुटला तर बदलता येतो, टोकन रद्द करता येते. अंगठा बदलता येत नाही. दस्तांवरचे ठसे उतरवून नकली अंगठे बनवल्याचे प्रकार देशात घडले आहेत. यावर आधार खात्याची ‘बायोमेट्रिक लॉक’ ही सोय आहे. अंगठ्याला कुलूप लावून ठेवायचे आणि पैसे काढायच्या दिवशी तेवढ्यापुरते उघडायचे. त्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. नसेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन ते काम उरकून घेता येते, आणि तिथे ज्याचा अंगठा त्यानेच जायला हवे.