दार उघडे आहे की बंद?

आमचे दाजी नाशिकला दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचे काम करतात. सारी खाती त्यांनी भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली आहेत. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी दिवसरात्र चालू असलेला संगणक. जीएसटीचे विवरणपत्र भरायला दोन दिवस उरले आणि सर्व्हर उघडेना. रात्री दाजींचा फोन आला. "सगळं गेलं की काय रे?" त्यांचा आवाज कापत होता.

अशा वेळी आधी पाहायचे ते पोर्ट. सर्व्हर हा एक मोठा वाडा समजा. त्याला ६५,५३५ दारे असतात, प्रत्येकाला क्रमांक. संकेतस्थळ बहुधा ४४३ क्रमांकाच्या दारातून येते, सर्व्हरांमधली ई-मेलची ने-आण २५ मधून होते. दाजी घरबसल्या सर्व्हरचा पडदा पाहतात ते रिमोट डेस्कटॉपमुळे, आणि त्याचे दार ३३८९.

दार ठोठावण्याचे जुने साधन टेलनेट. नव्या विंडोजमध्ये ते आधी 'विंडोज फीचर्स'मधून चालू करावे लागते. मग कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत टेलनेट, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक, मध्ये जागा सोडून लिहायचे. बस्स!

उत्तर तीन तऱ्हेचे. खिडकी कोरी झाली किंवा काही अक्षरे उमटली, तर दार उघडे आहे. दोन-तीन सेकंदांत नकार आला, तर वाडा जागेवर आहे, पण त्या दारामागे कोणी बसलेले नाही. म्हणजे तो प्रोग्रॅम बंद पडला असावा. वीसेक सेकंद ताटकळून मग नकार आला, तर एक तर सर्व्हरच बंद आहे, नाही तर वाटेत फायरवॉल नावाचा पहारेकरी आपली थाप गिळतो आहे. घाईत माणूस नकार तेवढा वाचतो, घड्याळ पाहत नाही. खरी खूण मात्र घड्याळातच असते.

दाजींकडे वीस सेकंद लागले. त्यांना विचारून मी पुण्याहून तेच दार ठोठावले. खिडकी क्षणात कोरी! सर्व्हर शाबूत होता. अडथळा होता दाजींनी त्याच आठवड्यात बसवलेल्या राउटरमध्ये. मोबाइलच्या इंटरनेटवरून त्यांनी त्याच रात्री विवरणपत्र भरले.

मला मात्र झोप लागेना. मी पुण्याहून ठोठावले आणि दार उघडे सापडले, तर ते जगातल्या कोणालाही सापडणार. अशी दारे शोधत फिरणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ४४५ क्रमांकाच्या दारातून शिरून ब्रिटनमधल्या रुग्णालयांचेही संगणक कुलूपबंद केले होते. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण अनेकांनी तो बसवलाच नव्हता.

तपासणी नेहमी बाहेरच्या जोडणीवरून करावी, आतून पाहिले तर पहारेकरी मध्ये येतच नाही. आणि सर्व्हर आपला असावा किंवा मालकाची परवानगी असावी. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली कारवाई होऊ शकते.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांना सांगून ते दार जगाला बंद केले. दाजी आता व्हीपीएनच्या वाटेने आत जातात. परवा त्यांना विचारूनच पुन्हा ३३८९ ठोठावले. वीस सेकंद काहीच उत्तर आले नाही.