‘पो’ आणि ‘पर’



गेल्या वर्षी एका रात्री मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मधुमेह जुनाच. सौ. साखरेचा डबा घेऊन आली आणि थबकली. "डॉक्टर हायपो म्हणाले होते की हायपर?" मलाही त्या क्षणी सुचेना. बोट टोचून मशीनवर पाहिलं, आकडा ५२! तेव्हा कुठे साखर तोंडात पडली.

पुढच्या खेपेला हे सांगितलं तर डॉक्टर हसले. म्हणाले, "सर, उच्चार नीट लक्षात ठेवा."

इथेच माझं भांडण आहे.

हायपोग्लायसीमिया हा शब्द इंग्रजी वळणाने म्हटला की सगळा जोर ‘सी’वर पडतो आणि ‘पो’ गिळला जातो. म्हणजे ज्या अक्षरावर जीव अवलंबून, तेच नीट ऐकू येत नाही. मग चूक ऐकणाऱ्याची कशी? आणि शुद्धतेचं म्हणाल तर, आमचा खेड्यातला माणूस ‘निमोनिया’ म्हणाला की हसतात. पण मूळ ग्रीक शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ इंग्रजांनी केव्हाच गिळला. त्यांना कोणी हसत नाही!

पस्तीस वर्षं वर्गात संधी सोडवायला शिकवलं, म्हणून सांगतो. शब्द उच्चारावर नव्हे, अर्थावर फोडा. हायपो + ग्लायक + ईमिया, म्हणजे खाली, गोड, रक्त. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. त्यांचा हायपो तो आपला ‘उप’, हायपर तो ‘उपरि’. ॲनिमियातला ‘ॲन’ म्हणजे आपल्या ‘अनावश्यक’मधला ‘अन्’. डिसेंट्रीत तर ‘दुस्’ आणि ‘आंत्र’ यांची भावंडं शेजारी बसली आहेत. उपरि म्हणजे वर, हे एकदा कळलं की हायपर कोण विसरेल?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी आमच्या बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींनी हे शब्द असे फोडून शिकावेत, आणि मग पेशंटसमोर बाजूला ठेवावेत, एवढंच मागणं आहे.

डॉक्टरांना वेळ नसतो, हे मान्य. पण "साखर उतरली तर घाम येईल, लगेच साखर खा" एवढं म्हणायला हायपोग्लायसीमियापेक्षा फार वेळ लागत नाही. आणि ते मध्यरात्रीही आठवतं.

असो. तुमच्या घरी असा घोळ झाला असेल तर जरूर कळवा.