पावसात परत मागितलेली छत्री

बँकवाल्यांविषयी एक जुना टोमणा आहे. ही मंडळी ऊन असताना छत्री देतात आणि पाऊस सुरू झाला की परत मागतात. नोकरीत असताना मी तो हसून ऐकला. निवृत्तीनंतर ध्यानात आले की, तो कर्जापेक्षा नोकरीसोबत मिळणाऱ्या आरोग्य विम्याला अधिक लागू पडतो.

पंचविशीत नोकरी लागते आणि समूह पॉलिसीत नाव चढते. हप्ता बहुधा मालकच भरतो. त्या वयात दवाखान्याची पायरी क्वचितच चढावी लागते. पुढे साठी येते, किंवा पन्नाशीतच नोकरकपातीची चिठ्ठी हाती पडते. तोवर रक्तदाब आणि मधुमेह मुक्कामाला आलेले असतात. नेमके तेव्हाच विम्याचे कवच जाते.

अमेरिकेने यावर 1986 साली उतारा शोधला. कायद्याच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘कोब्रा’ म्हणतात. 20 किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणची नोकरी सुटली, तर साधारणपणे 18 महिने तोच विमा चालू ठेवण्याचा हक्क मिळतो. मात्र मालकाचा वाटाही आपणच भरायचा, शिवाय कारभारखर्च म्हणून 2 टक्के जादा द्यायचे. म्हणजे पगार थांबतो तेव्हाच विम्याचा खर्च अंगावर येतो. आपली कितीतरी मुले तिकडे आहेत. नोकरी गेल्याचे कळताच इकडचे आईवडील व्हिसाचे विचारतात. विम्याचे विचारायला हवे, हे कुणाला सुचत नाही.

आपल्याकडेही वाट आहे. समूह पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि जुन्या आजारांसाठी आधी काढलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. पण प्रकृती पाहून निर्णय घेणार कंपनी, आणि हप्ता वयाप्रमाणे. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ मिळते. ही वाट मात्र क्वचितच कुणी दाखवते. म्हणून नोकरी सोडण्याच्या महिनाभर आधीच लेखी चौकशी करावी. 2024 पासून नवी पॉलिसी घेण्यासाठीची 65 वर्षांची मर्यादा उठली, हे चांगलेच झाले. पण दार उघडले म्हणून आतले भाडे परवडतेच असे नाही.

बँकांचेच पाहा. 2015 च्या द्विपक्षीय करारातून वैद्यकीय विमा आला. कार्यरत कर्मचाऱ्यांचा हप्ता बँकेने भरायचा आणि निवृत्तांनी स्वतःचा, असे ठरले. निवृत्तांची पॉलिसी वेगळी झाली. केवळ वृद्धांचा समूह म्हटल्यावर दावे अधिक येणार आणि हप्ता चढणारच. हप्ता चढला की धडधाकट माणूस बाहेर पडतो, आजारी उरतात आणि हप्ता पुन्हा चढतो. माझ्या परिचयातल्या एका हेड कॅशियरने असाच, पेन्शनीतून निभेना म्हणून, विमा सोडला. पुढच्याच वर्षी पत्नीच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी त्यांना मुदतठेवी मोडाव्या लागल्या.

तरुणांनी म्हाताऱ्यांचा भार का वाहावा, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण हा म्हातारा पस्तीस वर्षे त्याच समूहातला निरोगी तरुण होता. त्याच्या नावाने भरलेल्या हप्त्यांतून दुसऱ्यांची बिले भागली. बँकेतही एकाच्या ठेवीवर दुसऱ्याचे कर्ज उभे राहते. ठेवीदाराची गरज निघाली की खिडकी बंद, हे कोणत्या हिशेबात बसते?

1948 च्या कामगार विमा कायद्याच्या नियमांत याचे उत्तर सापडते. किमान पाच वर्षे विमापात्र नोकरी करून निवृत्त झालेल्या कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला अवघ्या 120 रुपयांत उपचार चालू ठेवण्याची सोय तिथे केली गेली. त्या दवाखान्यांविषयी तक्रारी पुष्कळ असतील. पण कार्यरतांच्या वर्गणीत निवृत्तांनाही सामावून घेतल्यावरच असा आकडा शक्य होतो.

ग्रॅच्युइटी हीदेखील एके काळी मालकाची मेहेरबानी समजली जाई. 1972 च्या कायद्याने ती हक्काची झाली. निवृत्तांना कार्यरतांच्याच समूहात ठेवावे आणि त्यासाठी मालकाने दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढावी, ही मागणी त्याच जातीची आहे. आज समूहात असलेल्या तिशीतल्या मुलांनीच ती रेटायला हवी. कारण छत्री परत मागितली जाईल तेव्हा पावसात तीच उभी असतील.