पोटावरचा पट्टा, दंडावरचा पट्टा

तालुक्याच्या गावात शिक्षकाला शाळा सुटल्यावरही कामे असतात. चांदूर रेल्वेत आमच्या घरी बँकेचे फॉर्म येतात, हजचे अर्ज येतात, दवाखान्याच्या फायली येतात. “मॅडम, इंग्रजीत आहे, जरा वाचून सांगा,” एवढे कोणी म्हटले की आम्ही चष्मा शोधतो. मागच्या हिवाळ्यात असाच एक प्रश्न आला, आणि त्यात आमचे स्वतःचे चुकले. म्हणून या महिन्याचे पान त्यावरच.

आमची एक जुनी विद्यार्थिनी. उर्दू माध्यमातून दहावी झाली, पुढे लग्न झाले. सासर इथून दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यात. नवरा पुण्याकडे कारखान्यात कामाला, घरी ती आणि सासू. पहिलटकरीण, सातवा महिना. नवऱ्याने आम्हाला मोबाईलवर तीन जाहिराती पाठवल्या आणि खाली लिहिले, “अस्सलामु अलैकुम मॅडम. पोटाला पट्टा लावला की बाळाचे ठोके मोबाईलवर दिसतात म्हणे. मी इथून रोज बघू शकेन. यातली कोणती मशीन भाड्याने घेऊ?”

दूर राहणाऱ्या माणसाचा जीव कसा टांगणीला लागतो, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही वाचायला बसलो.

बाळाचे ठोके ऐकण्याची धडपड जुनी आहे. फ्रान्समधले डॉक्टर आदॉल्फ पिनार यांनी १८९५ मध्ये शिंगासारखी छोटी नळी तयार केली. एक टोक पोटावर, दुसरे कानाला. अशा नळीने ठोके मोजणाऱ्या नर्सबाई आमच्या वयाच्या वाचक भगिनींनी पाहिल्या असतील. नंतर मोठ्या दवाखान्यांत कागदाच्या पट्टीवर ठोक्यांचा आलेख काढणारी यंत्रे आली. आता तीच गोष्ट मुठीएवढ्या यंत्रात आणि मोबाईलमध्ये मावते, आणि त्यासाठी कंपन्यांची चुरस लागली आहे.

या चुरशीत आपली माणसेही आहेत. मुंबईच्या केअरएनएक्स या कंपनीने ‘केअरमदर’ हा संच आणि ‘फिटोसेन्स’ हे ठोके मोजणारे छोटे यंत्र काढले. बंगळुरूच्या जनित्री कंपनीचे ‘केयार’ पोटावर चिकटवता येते. ही कंपनी टीव्हीवरच्या ‘शार्क टँक इंडिया’ कार्यक्रमातही आली होती. इस्रायलमधून पुढे आलेल्या नूवो कंपनीच्या ‘इनव्हू’ पट्ट्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये परवानगी दिली. इस्रायलच्याच एका कंपनीने घरी वापरायची सोनोग्राफीही काढली आहे. आपल्याकडे मात्र १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफीचे यंत्र नोंदणी केलेल्या ठिकाणीच ठेवता येते, आणि ते योग्यच आहे.

यंत्रे दोन तऱ्हेची. काही ध्वनिलहरी सोडून ठोके टिपतात, त्याला डॉप्लर म्हणतात. काही पोटावरच्या चकत्यांमधून बाळाच्या हृदयाची विद्युत खूण पकडतात. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असले तर ठीक मानतात. (मुलाचे कमी आणि मुलीचे जास्त, ही समजूत चुकीची आहे. दोघांचेही याच मापात असतात.)

हे सगळे आम्ही वहीत लिहून काढले. त्यात चार दिवस गेले. तोवर नवऱ्याने एक यंत्र मागवलेही. सासूबाई खूश होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते, दवाखान्यात गर्दी, परके पुरुष, अख्खा दिवस जातो. आता घरीच सोय झाली. आम्हीही फोनवर “बरे झाले” म्हणालो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिला जाणे चालू आहे ना, एवढे विचारायला आम्ही विसरलो. ती सलग दोन महिने गेली नव्हती. घरात मशीन होती ना!

आठवा महिना लागला. एका संध्याकाळी मगरीबनंतर तिचा फोन आला. “मॅडम, डोकं खूप ठणकतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पण मशीन १४० दाखवते, बाळ चांगलं आहे.” पाय सुजलेत का, आम्ही विचारले. म्हणाली, चप्पल चढत नाही. मागून सासूबाईंचा आवाज आला, “अवो मॅडम, मशीन तं बराबर दाखवून राहिली, रात्रीचं कायले न्याचं?”

आम्ही डॉक्टर नाही. पण आमच्या मोठ्या बहिणीच्या वेळी घरात हेच झाले होते, त्यामुळे ही तीन लक्षणे आम्हाला पाठ आहेत. १०८ ला फोन करायला लावला. इथल्या ग्रामीण रुग्णालयात बीपी निघाला १७० वर ११०. गरोदरपणात १४० वर ९० च्या पुढे गेला तरी सावध व्हायचे असते. १६० वर ११० च्या पुढे तो आईच्या जिवावर बेतू शकतो, झटके येऊ शकतात. त्यांनी तातडीचे उपचार करून तिला रात्रीच अमरावतीला डफरीनला पाठवले. पहाटे सिझेरियन झाले. मुलगी झाली, वजनाला कमी, काही दिवस नवजात कक्षात राहिली. आज माय-लेकी दोघी घरी आहेत, अल्हम्दुलिल्लाह.

मशीन खोटे बोलली नव्हती. बाळाचे ठोके खरेच चांगले होते. संकट आईवर होते, आणि आईचे ती मशीन काहीच मोजत नव्हती. पुन्हा त्या तीन जाहिराती उघडून पाहिल्या तेव्हा लक्षात आले की तिन्हींत बाळाच्या हृदयाचे चित्र मोठे होते. बाळाचे ठोके ऐकून बापाचे डोळे भरून येतात, त्यासाठी तो पैसे मोजतो. दंडाला पट्टा बांधून बीपी घेण्यात कोणाला गंमत वाटत नाही. कंपन्या जे विकले जाते त्यात शर्यत करणार. आईची काळजी त्या शर्यतीत मागे पडली तर ती घरच्यांनीच पुढे आणायची. काही कंपन्यांच्या संचात आईचा बीपी, रक्त, साखर तपासायची सोय असते. यंत्र घ्यायचेच असेल तर आधी तेच विचारावे.

अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २०१४ मध्ये लोकांना सांगितले होते की ठोके ऐकायची डॉप्लर यंत्रे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घरी वापरू नका. अनुभव नसलेल्या हाताला आईच्याच नाडीचा आवाज बाळाचा वाटू शकतो. आलेख वाचणे हे तर शिकलेल्या माणसाचे काम. आपल्या खेड्यात ही यंत्रे नर्सबाईच्या हातात असली आणि त्यांचा आलेख दूरच्या डॉक्टरने लगेच पाहिला, तर त्यांचा मोठा उपयोग आहे. मेळघाटसारख्या ठिकाणी, जिथून स्त्रीरोगतज्ज्ञ गाठायला तासन् तास लागतात, तिथे तर फारच.

तेव्हा कोणी घरी यंत्र आणणार असेल तर कंपनीला हे प्रश्न विचारा, आणि उत्तर लिहून मागा.

रात्री दोन वाजता आलेख बिघडला तर तो कोण पाहणार? डॉक्टर की नुसता मोबाईल?

नेटवर्क नसेल तर काय होते? आमच्या आसपासच्या खेड्यांत पावसाळ्यात रेंज दिवसभर नसते.

यंत्राला भारताच्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवाना आहे का?

बाईची माहिती कुठे साठते, कोणाला दाखवली जाते? २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारायला संकोच नको.

कंपनी बंद पडली तर? वर सांगितलेली नूवो कंपनी २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात आली आणि त्याच वर्षी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. नऊ महिन्यांच्या कामात कंपनी मध्येच जाणे परवडत नाही.

आणि यंत्र असो वा नसो, काही गोष्टी सुटता कामा नयेत. ९ तारखेची तपासणी. प्रत्येक भेटीत बीपी, वजन, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी, आणि त्याची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाची हालचाल. नेहमीपेक्षा कमी वाटली की ठोके दिसत असले तरी त्याच दिवशी दवाखाना. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्त किंवा पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहायची नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि नेण्या-आणण्याची गाडी २०११ पासून मोफत आहे. सरकारची ‘किलकारी’ सेवा २०२४ मध्ये महाराष्ट्रातही आली आहे. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला फोनवर एक संदेश ऐकू येतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे. आशाताईंकडे नाव नोंदवले आहे ना, तेवढे पाहावे.

सासूबाईंच्या पडद्याच्या अडचणीला आम्ही हसत नाही. ज्यांच्या नावाने अमरावतीचा दवाखाना ओळखला जातो, त्या लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये निधी उभारायला घेतला तो याचसाठी, की बायकांना बाई डॉक्टर मिळावी. त्या रात्री सासूबाई सुनेसोबत तिथेच होत्या, सकाळपर्यंत व्हरांड्यात तसबीह घेऊन बसलेल्या.

परवा त्या बाजारात भेटल्या. मशीन परत पाठवली म्हणाल्या. पिशवीतून एक खोका काढून दाखवला, मेडिकलमधून आणलेले बीपीचे यंत्र. धाकट्या सुनेला तिसरा महिना आहे. “याचा कागद इंग्रजीत हाये मॅडम,” त्या म्हणाल्या, “वाचून देता का?”

आम्ही तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून वाचून दिला. पहिली ओळ अशी होती की मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. ती त्यांना फार आवडली.